अतिसंवाहक नॅनो-अभिज्ञातक

अतिसंवाहक नॅनो-अभिज्ञातक : अतिनीच तापमानाला विद्युत् रोध पूर्णपणे नाहीशा होणाऱ्या पदार्थांपासून बनविलेल्या आणि काही नॅनोमीटर ते काही मायक्रोमीटर मापाच्या (१ नॅनोमीटर = मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग) ज्या प्रयुक्तींच्या साहाय्याने अत्यल्प ऊर्जेचे अस्तित्व ओळखता येते किंवा तिचे मापन करता येते, त्यांना ही संज्ञा देतात. प्रकाशाचा एकेक फोटॉन, सूक्ष्मतरंगांचा क्षीण स्पंद, किरणोत्सर्गी पदार्थातून बाहेर पडलेला कण किंवा स्फटिकात आदळलेल्या कणामुळे निर्माण झालेली लेशमात्र उष्णता यांचे अभिज्ञान या प्रयुक्तींनी करता येते. खगोलभौतिकी, मूलकण भौतिकी, प्रकाशीय संदेशवहन आणि पुंज संगणन या क्षेत्रांत त्या महत्त्वाच्या ठरल्या आहेत. त्यांच्या कार्यासाठी लागणारे नीच तापमान मुख्यत्वे हीलियमामुळे साध्य होते आणि या मूलद्रव्याच्या इतिहासात सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग या किल्ल्याचे नाव आलेले असल्याने त्याचाही विचार पुढे केला आहे. [→ अतिसंवाहकता, नीच तापमान भौतिकी].

ऊर्जेची मापे : या विषयात झेप्टोज्यूल हे एकक सोयीचे आहे. एक झेप्टोज्यूल म्हणजे एका ज्यूलच्या एक अब्जांशाच्या एक अब्जांशाचा हजारावा भाग होय. सुमारे एक पिकोग्रॅम (ग्रॅमच्या एक अब्जांशाचा हजारावा भाग) वस्तुमानाचा एक सूक्ष्मजंतू मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका वर उचलण्यास साधारणपणे एवढी ऊर्जा लागते. हिरव्या प्रकाशाच्या एका फोटॉनाची ऊर्जा सु. ३६० झेप्टोज्यूल असते. ८·४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) सूक्ष्मतरंगाच्या एका फोटॉनाची ऊर्जा मात्र केवळ ०·००५६ झेप्टोज्यूल भरते. फोटॉनाची ऊर्जा कंप्रतेच्या सम प्रमाणात असल्यामुळे दृश्य प्रकाशाकडून अवरक्त प्रारण व तेथून सूक्ष्मतरंगांकडे जावे तसतसे एकेका फोटॉनाचे अभिज्ञान अधिकाधिक कठीण होत जाते.

नीच तापमानाची आवश्यकता : नेहमीच्या तापमानाला द्रव्यातील अणू आणि इलेक्ट्रॉन यांची यदृच्छ हालचाल सतत चालू असते. तिच्याशी निगडित ऊर्जा ३०० के. तापमानास सु. ४ झेप्टोज्यूल असते. म्हणजे सूक्ष्मतरंगाच्या एका फोटॉनाच्या शेकडो पट ऊर्जा उपकरणाच्या प्रत्येक घटकात आधीच खेळत असते. जत्रेच्या कोलाहलात कुजबुज ऐकू येऊ नये तशी येथे क्षीण संकेताची अवस्था होते. तापमान ०·०१ के. पर्यंत उतरविल्यास ही ऊर्जा तीस हजार पटींनी कमी होते आणि संकेत वेगळा ओळखता येतो.

मापक घटक लहान असणेही तितकेच आवश्यक असते. १ मायक्रोमीटर लांब, ०·२ मायक्रोमीटर रुंद आणि ०·०२ मायक्रोमीटर जाड अशी सोन्याची तार उदाहरणादाखल घेता येईल. ३०० के. तापमानास तिला एक झेप्टोज्यूल ऊर्जा दिली, तर तिचे तापमान अंशाच्या सु. एक कोट्यांश भागाने वाढेल. परंतु सभोवतालाशी होणाऱ्या उष्णतेच्या देवघेवीमुळे तिच्या ऊर्जेत स्वाभाविकपणेच एक लाख झेप्टोज्यूलांहून अधिक चढउतार होत असल्याने ही वाढ ओळखता येणार नाही. हीच तार ०·०२ के. तापमानास ठेवली, तर तिची उष्णता धारकता (तापमान एक अंशाने वाढविण्यास लागणारी उष्णता) सु. वीस लक्ष पटींनी कमी होते. मग तेवढ्याच ऊर्जेने तिच्यातील इलेक्ट्रॉनांचे तापमान ०·०२ के. पासून सु. ०·०९ के. पर्यंत, म्हणजे चौपटीहून अधिक वाढते. उलट स्वाभाविक चढउतार ०·००६ झेप्टोज्यूलांच्या आसपास उरतो. घटक जितका लहान व थंड तितकी त्याची संवेदनक्षमता अधिक, हे तत्त्व या सर्व प्रयुक्तींच्या मुळाशी आहे.

अतिसंवाहकाचे वैशिष्ट्य : अतिसंवाहक अवस्थेत इलेक्ट्रॉन एकेकटे न वावरता जोडीने वावरतात. या जोड्यांना एल्. एन्. कूपर या अमेरिकन भौतिकीविज्ञांच्या नावावरून कूपर युग्मे म्हणतात. जोडी फोडण्यास लागणारी किमान ऊर्जा फार थोडी असते. ॲल्युमिनियमाच्या बाबतीत ती सु. ०·०५ झेप्टोज्यूल आहे. सिलिकॉन या अर्धसंवाहकात इलेक्ट्रॉन मुक्त करण्यास मात्र सु. १८० झेप्टोज्यूल ऊर्जा लागते. त्यामुळे दृश्य प्रकाशाचा एक फोटॉन सिलिकॉनात साधारणपणे एकच इलेक्ट्रॉन मुक्त करू शकतो, तर ॲल्युमिनियमाच्या अतिसंवाहक पटलात तो हजारो युग्मे फोडतो. फुटलेल्या युग्मांची संख्या फोटॉनाच्या ऊर्जेवर अवलंबून असल्याने अशा प्रयुक्तीस केवळ फोटॉनाचे आगमनच नव्हे, तर त्याचा ‘रंग’ही कळू शकतो. शिवाय अतिसंवाहक मंडलात ऊर्जेचा व्यय जवळजवळ होत नसल्याने मापन करणारे मंडल स्वतःच फारसा गोंगाट निर्माण करीत नाही.

ऐतिहासिक आढावा : उष्णतेमुळे धातूच्या रोधात होणाऱ्या बदलावरून प्रारणाचे मापन करणारा बोलोमीटर एस्. पी. लँग्ली या अमेरिकन ज्योतिर्विदांनी १८८० च्या सुमारास तयार केला. एच्. कामर्लिंग-ऑनेस या डच भौतिकीविज्ञांनी लायडन येथे १० जुलै १९०८ रोजी हीलियमाचे द्रवीकरण केले आणि १९११ साली त्याच प्रयोगशाळेत पाऱ्याचा रोध सु. ४·२ के. तापमानास अकस्मात नाहीसा होतो असे दिसून आले. या घटनेची सूक्ष्म उपपत्ती जे. बार्डीन, कूपर आणि जे. आर्. श्रीफर यांनी १९५७ साली मांडली. दोन अतिसंवाहकांमधील अतिशय पातळ निरोधक थरातून कूपर युग्मे विद्युत् दाबाशिवाय पार जाऊ शकतील, असे भाकीत बी. डी. जोसेफसन या ब्रिटिश भौतिकीविज्ञांनी १९६२ साली केले व पुढील वर्षी ते प्रयोगाने सिद्ध झाले. अशा रचनेस जोसेफसन संधी म्हणतात. तिचा उपयोग करून १९६४ साली अतिसंवाहक पुंज व्यतिकरण प्रयुक्ती (संक्षेपाने ‘स्क्विड’) बनविण्यात आली व अत्यंत दुर्बल चुंबकीय क्षेत्रांचे मापन शक्य झाले. जोसेफसन संधीयुक्त विद्युत् मंडल हातात धरता येण्याइतक्या आकाराचे असूनही पुंजयामिकीचे नियम पाळते, हे १९८४–८५ मधील प्रयोगांनी दाखविल्याबद्दल जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांना २०२५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हीलियम आणि विजयदुर्ग : १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा भारताच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत गेला होता. ते पाहण्यासाठी जमखिंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल, तर गुंटूर येथे जे. एफ्. टेनंट व फ्रेंच ज्योतिर्विद पी. जे. सी. जान्सेन यांनी वर्णपटदर्शक उभारले होते. सूर्यबिंबाच्या कडेवर उसळणाऱ्या तेजस्वी झोतांच्या वर्णपटात दीप्त रेषा आढळल्या, त्यावरून ते झोत तप्त वायूचे आहेत हे निश्चित झाले. पिवळ्या भागातील एक रेषा प्रथम अनेकांना सोडियमाची वाटली. जान्सेन यांनी दुसऱ्याच दिवशी ग्रहण नसताना हे झोत पाहण्याची रीत यशस्वी केली. इंग्लंडमध्ये जे. नॉर्मन लॉकयर यांनीही स्वतंत्रपणे २० ऑक्टोबर १८६८ रोजी तेच साध्य केले. पिवळ्या रेषेची तरंगलांबी ५८७·६ नॅनोमीटर असून ती सोडियमाच्या रेषांशी (५८९·० व ५८९·६ नॅनोमीटर) जुळत नाही, तेव्हा ती पृथ्वीवर अज्ञात असलेल्या मूलद्रव्याची असावी, असा निष्कर्ष पुढे निघाला. सूर्य या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास हीलियम हे नाव पडले. सर विल्यम रॅम्झी यांनी १८९५ साली युरेनियमयुक्त खनिजातून हा वायू मिळविला आणि त्याच्या अस्तित्वाविषयीचा वाद संपुष्टात आला.

देवगड तालुक्यात वाघोटन खाडीच्या मुखाशी असलेल्या विजयदुर्ग किल्ल्यातील चौथऱ्यांना ‘साहेबाचे ओटे’ असे म्हणतात. लॉकयर यांनी १८६८ साली येथूनच हीलियमाचा शोध लावला अशी समजूत कोकणात रूढ असून १८ ऑगस्ट हा दिवस तेथे हीलियम दिन म्हणून साजराही केला जातो. तथापि लॉकयर यांचे १८६८ मधील निरीक्षण इंग्लंडमध्ये, तेही ग्रहणानंतर दोन महिन्यांनी झाले होते. विजयदुर्गास ते आले ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी. त्या वेळी ब्रिटिश आरमाराच्या ‘मेल्पोमीन’ या जहाजावरील अधिकारी व खलाशी यांच्या साहाय्याने त्यांनी किल्ल्यात मोठा तळ उभारला आणि सूर्याच्या वर्णगोलाचे व प्रभामंडलाचे वर्णपट छायाचित्रित केले. याच ग्रहणाचे निरीक्षण पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून केले. दोन ग्रहणांच्या आठवणी एकत्र मिसळल्याने वरील समजूत निर्माण झाली असावी. हीलियम पृथ्वीवर सापडल्यानंतर तीनच वर्षांनी, त्याची रेषा प्रथम लक्षात आणून देणाऱ्या शास्त्रज्ञाने तेथे सूर्याचा वेध घेतला, एवढे विजयदुर्गाचे श्रेय निर्विवाद आहे. ज्या ज्योतिर्विदांनी सूर्याच्या प्रकाशातून हे मूलद्रव्य ओळखले, त्यांच्या पश्चात त्याच मूलद्रव्याच्या साहाय्याने प्रकाशाचा एकेक फोटॉन मोजता येऊ लागला.

प्रकार : अतिसंवाहक अभिज्ञातकांचे पुढील चार प्रकार प्रमुख आहेत.

(१) संक्रमण-सीमा अभिज्ञातक : यात अतिसंवाहक पटलाचे तापमान सामान्य व अतिसंवाहक या अवस्थांच्या नेमक्या सीमेवर राखलेले असते. या अरुंद पट्ट्यात तापमानातील किंचित वाढीनेही रोध एकदम वाढतो. पटलावरील विद्युत् दाब स्थिर ठेवल्यास रोध वाढताच विद्युत् शक्तीचा व्यय घटतो आणि पटल आपोआप पूर्वस्थितीला येते. ही योजना के. डी. अर्विन यांनी १९९५ साली मांडली व त्यामुळे हे अभिज्ञातक स्थिरपणे वापरता येऊ लागले. प्रवाहातील बदल स्क्विडच्या साहाय्याने मोजतात.

(२) नॅनोतार फोटॉन अभिज्ञातक : नायोबियम नायट्राइडासारख्या अतिसंवाहकाच्या सु. ५ नॅनोमीटर जाड पटलातून सु. १०० नॅनोमीटर रुंदीची नागमोडी तार कोरून काढतात आणि अतिसंवाहकता जेमतेम टिकेल एवढा प्रवाह तिच्यातून सोडतात. फोटॉनाचे शोषण झालेल्या जागी तार क्षणमात्र तापून तिच्यात रोध उत्पन्न होतो व विद्युत् दाबाचा स्पंद मिळतो. काही नॅनोसेकंदांत तार पुन्हा सिद्ध होते. जी. एन्. गोल्ट्समन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली मॉस्को येथील कार्यातून हा प्रकार पुढे आणला. आलेल्या फोटॉनांपैकी ९० टक्क्यांहून अधिक फोटॉन टिपणारे अभिज्ञातक आता बनविले जातात. मात्र फोटॉनाची ऊर्जा किती हे यावरून सहसा कळत नाही.

(३) गतिज प्रवर्तकता अभिज्ञातक : कूपर युग्मांच्या निरूढीमुळे (गतिस्थितीत बदल होण्यास असलेल्या विरोधामुळे) अतिसंवाहकास काही प्रवर्तकता प्राप्त होते. फोटॉनामुळे युग्मे फुटली की ती बदलते व अनुस्पंदक मंडलाची कंप्रता सरकते. २००३ साली पुढे आलेल्या या प्रकारात वेगवेगळ्या कंप्रतांची शेकडो मंडले एकाच तारेवर जोडता येत असल्याने दूरदर्शकासाठी मोठे समूह बनविणे सुकर होते.

(४) जोसेफसन संधीयुक्त सूक्ष्म-उष्णतामापक : सामान्य धातूची नॅनोतार अतिसंवाहकाच्या दोन तुकड्यांना जोडली असता सान्निध्यामुळे तिच्यातही अतिसंवाहकतेचा अंश येतो. हा अंश तारेतील इलेक्ट्रॉनांच्या तापमानावर अवलंबून असतो. तारेत ऊर्जा शोषली गेली की संधीची प्रवर्तकता बदलते आणि मंडलावरून परावर्तित होणाऱ्या क्षीण सूक्ष्मतरंगांवरून हा बदल वाचता येतो. फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात मिक्को म्योट्टोनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोने-पॅलॅडियम मिश्रधातू व ॲल्युमिनियम यांच्या अशा प्रयुक्तीने २०१६ साली १·१ झेप्टोज्यूल ऊर्जेच्या, म्हणजे सु. २०० सूक्ष्मतरंग फोटॉनांच्या, स्पंदाचे अभिज्ञान केले. उष्णतामापकास इतक्या अल्प ऊर्जेपर्यंत नेण्याचा तो विक्रम होता. अत्यल्प उष्णता धारकतेचे ग्राफीन वापरलेले बोलोमीटर २०२० साली पुढे आले.

उपयोग : विश्वाच्या प्रारंभकाळापासून सर्व दिशांनी येत असलेल्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाच्या मापनासाठी दक्षिण ध्रुवावरील दूरदर्शकांत संक्रमण-सीमा अभिज्ञातकांचे मोठे समूह बसविलेले आहेत. कृष्णद्रव्याच्या कणांचा शोध घेणाऱ्या काही प्रयोगांत स्फटिकावर टंगस्टनाचे असेच पटल लावतात. नॅनोतार अभिज्ञातकांचा उपयोग गुप्त संदेशवहनाच्या पुंज पद्धतींत होतो. अमेरिकेच्या ‘सायकी’ या अवकाशयानाने १४ नोव्हेंबर २०२३ रोजी सु. १ कोटी ६० लक्ष किमी. अंतरावरून पाठविलेले लेसर संकेत कॅलिफोर्नियातील पॅलोमार येथे ५ मी. व्यासाच्या हेल दूरदर्शकाला जोडलेल्या अशाच अभिज्ञातकाने टिपले. पुंज संगणकातील मूलघटकाची स्थिती वाचण्यासाठी नेहमी विवर्धक वापरावे लागतात व ते स्वतः गोंगाटाची भर घालतात. त्यांच्याऐवजी बोलोमीटर वापरता येतो असे आल्टो विद्यापीठातील प्रयोगांत २०२४ साली दाखविण्यात आले.

भारतातील कार्य : मुंबईतील कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्था हे या विषयाचे भारतातील एक प्रमुख केंद्र आहे. नायोबियम नायट्राइडाच्या पातळ पटलांतील अतिसंवाहकतेचा तेथे विस्तृत अभ्यास झालेला आहे. कथिलाच्या १२४ भारांकाच्या समस्थानिकाचा न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय होतो की काय, हे पाहण्याच्या पूर्वतयारीसाठी या संस्थेत कथिलाचा बोलोमीटर विकसित करण्यात आला. कथिल ३·७ के. तापमानाखाली अतिसंवाहक बनते व ०·०१ के. च्या आसपास त्यातील इलेक्ट्रॉनांचा उष्णता धारकतेतील वाटा नगण्य होतो. त्यामुळे एका अणुकेंद्राच्या क्षयातून मुक्त होणारी २२·९ लक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जाही धातूच्या तुकड्यात तापमानवाढीच्या रूपाने मोजता येते. त्यासाठी लागणारे जर्मेनियमाचे तापमापक तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘ध्रुव’ विक्रियकात न्यूट्रॉनांचा मारा करून तयार करण्यात आले. हा बोलोमीटर स्वतः नॅनो मापाचा नसला, तरी त्याचे तत्त्व वर वर्णिलेलेच आहे. असा क्षय आढळल्यास न्यूट्रिनो व प्रतिन्यूट्रिनो हे एकच कण आहेत असे ठरेल. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या प्रमाणाचा प्रश्नही त्याच्याशी निगडित आहे.

याच संस्थेत आर्. विजयराघवन यांच्या प्रयोगशाळेत जोसेफसन संधींवर आधारित पुंज मंडले व त्यांच्या संकेतांसाठी अत्यल्प गोंगाटाचे विवर्धक यांवर संशोधन चालते. संरक्षण संशोधन व विकास संघटनेची पुण्यातील पुंज तंत्रविद्येची तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या सहकार्याने सहा मूलघटकांच्या अतिसंवाहक पुंज संस्कारकाची चाचणी ऑगस्ट २०२४ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र शासनाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये संवेदन व मापनशास्त्र या शाखेचे केंद्र पवई येथील भारतीय तंत्रविद्या संस्थेकडे सोपविलेले आहे.

मर्यादा : या अभिज्ञातकांचा मुख्य अडसर शीतनाचा आहे. द्रव हीलियम ४·२ के. तापमानास उकळते व त्याच्या फार खाली जाण्यासाठी हीलियमाच्या ३ व ४ भारांकांच्या समस्थानिकांच्या मिश्रणावर चालणारे विरलीकरण प्रशीतक लागतात. अलीकडील प्रशीतकांत द्रव हीलियम वारंवार भरावे लागत नाही. परंतु बंद मंडलातील वायू म्हणून हीलियम लागतेच. हीलियम-३ हा समस्थानिक निसर्गात अत्यंत दुर्मिळ असून तो मुख्यत्वे ट्रिटियमाच्या क्षयापासून मिळवितात, त्यामुळे तो फार महाग पडतो. साधे हीलियम पृथ्वीच्या पोटातील किरणोत्सर्गी क्षयातून तयार होते व काही ठिकाणच्या नैसर्गिक वायूबरोबर हाती लागते. वातावरणात सुटलेले हीलियम मात्र अखेरीस अवकाशात निघून जाते. भारताची बहुतेक गरज आयातीने भागविली जात असल्याने जागतिक पुरवठ्यातील प्रत्येक टंचाईची झळ येथील प्रयोगशाळांना बसते. म्हणून वापरलेला वायू गोळा करून पुन्हा द्रवरूप करणे हे अशा प्रयोगशाळांचे आवश्यक अंग बनले आहे.

दुसरा अडसर अनाहूत संकेतांचा आहे. विश्वकिरण, भिंतींतील अल्पस्वल्प किरणोत्सर्गी द्रव्ये, अधिक तापमानाच्या भागांतून झिरपणारे अवरक्त प्रारण आणि प्रशीतकाची यांत्रिक थरथर यांमुळे खरा संकेत नसतानाही नोंद होते. अभिज्ञातक जितका संवेदनक्षम तितका तो अशा व्यत्ययांनाही बळी पडतो. शिशाची आवरणे, जमिनीखालील प्रयोगशाळा व किरणोत्सर्गविरहित द्रव्यांची निवड यांनी हा दोष कमी करतात. सूक्ष्मतरंगाच्या एकेका फोटॉनाची ऊर्जा उष्णतामापकाने खात्रीपूर्वक मोजणे हे या क्षेत्रातील एक प्रमुख उद्दिष्ट आहे. ते साध्य झाल्यास कृष्णद्रव्याचे घटक मानल्या गेलेल्या ॲक्सिऑन या काल्पनिक कणांचा शोध आणि पुंज संगणकांचे वाचन या दोहोंना मोठे साहाय्य होईल. [→ कण अभिज्ञातक, हीलियम].